कोल्हापूरचे दोन समुद्र : निर्यातदार उद्योजकांना खुले पत्र

प्रति,
शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहतींतील निर्यातदार उद्योजक आणि उद्योजक संघटनांचे पदाधिकारी यांस

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातल्याच एका कारखान्यात डिस्पॅचला आहे. मशिनिंग होऊन आलेल्या कास्टिंगला गंजरोधक तेल लावून घेणं, ते व्हीसीआयच्या म्हणजे गंज रोखणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधणं, पेटीत बसवून पट्टी मारणं, कंटेनर भरून सील लावणं आणि कागदपत्रं तयार करणं, हे माझं रोजचं काम. कोल्हापूरचं लोखंड युरोप-अमेरिकेत जातं याचा मला मनापासून अभिमान आहे. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्या पिढीनं इथं यंत्रांचा धंदा उभा केला, त्याच्या आज तीनशेच्या आसपास फौंड्र्या, म्हणजे लोखंड वितळवून ओतकाम करणारे कारखाने, झाल्या. माझ्यासारख्या हजारो घरांची चूल त्यावर पेटते.

मला काय हवंय ते आधीच सांगतो. आपण जो माल बाहेर पाठवतो, त्याच्याबरोबर किती प्लास्टिक जातं, किती मागं उरतं आणि तो माल पोचवताना किती धूर होतो, याची नोंद आपण ठेवावी. ती लोकांसमोर मांडावी. आणि ती कमी करण्यासाठी सगळ्यांनी मिळून दोन-तीन कामं हातात घ्यावीत. कामं कोणती, ते पुढं येईलच. आधी हे आपल्या अंगावर का येतं, ते सांगू द्या.

कोल्हापूरला समुद्र नाही असं आपण म्हणतो. खरं तर कोल्हापूरला दोन समुद्र आहेत. आपला माल महामार्गानं साधारण चारशे किलोमीटर जाऊन न्हावा शेवाला अरबी समुद्राला लागतो. आणि आपला कचरा जातो पूर्वेला. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती प्रयाग चिखलीला एकत्र येतात, तिथून पुढं पंचगंगा. ती नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते, आणि कृष्णा कर्नाटक, तेलंगण, आंध्र ओलांडून हंसलदीवीला बंगालच्या उपसागराला मिळते. अरबी समुद्र आपल्याला एवढा जवळ असून आपलं पाणी सगळी दख्खन ओलांडून दुसऱ्या समुद्राला जातं. एका समुद्रावर आपण कमावतो आणि दुसऱ्याकडं टाकतो.

इथलं सगळं प्लास्टिक हंसलदीवीला पोचतं असं माझं म्हणणं नाही. वाटेत अलमट्टी आहे, नारायणपूर आहे, श्रीशैलम, नागार्जुनसागर आहे. बरंचसं प्लास्टिक त्या त्या जलाशयात अडकतं, तळाला बसतं, उन्हानं कडक होऊन त्याचा चुरा होतो. मग तो चुरा पाण्याबरोबर जातो, माशाच्या पोटात जातो, शेतात येतो. पण समुद्रापर्यंत जाण्याची गरजच काय, पहिला अडथळा तर आपल्या दारातच आहे.

राजाराम बंधारा एकदा उन्हाळ्याच्या शेवटी जवळून बघा. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणून साऱ्या महाराष्ट्रात ज्याचं नाव झालं, त्या धर्तीचा हा बंधारा. दोन खांबांच्या मध्ये बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, बसवलेले असतात. पाण्याच्या अंगाला जलपर्णी येऊन थटलेली असते. काठीनं ती बाजूला सारली की खाली दिसतं ते एका मापाचं, एका प्रकारचं नसतं. पाण्याच्या बाटल्या, गुटख्याच्या पुड्या, दुधाच्या पिशव्या, औषधाच्या पट्ट्या, हाराची प्लास्टिकची फुलं, थर्माकोलचे तुकडे. आणि त्यात आमच्या ओळखीची गोष्टही असते : पॅकिंगची पट्टी, स्ट्रेच फिल्मची लांबच लांब गुंडाळी झालेली दोरी, आणि विणलेल्या पोत्यांच्या चिंध्या. पावसाळ्याआधी बरगे काढले की हे सगळं एकदम खाली सुटतं. रुई, तेरवाड, शिरोळ. तिथल्या लोकांनी काय करायचं?

कोल्हापूर शहराला थेट पाईपलाईन आली, काळम्मावाडीचं पाणी आलं, ते चांगलंच झालं. पण तेव्हापासून पंचगंगेची आपल्याला वाटणारी काळजी पातळ झाली आहे, असं मला स्पष्ट दिसतं. ज्या नदीचं पाणी आपण पीत नाही, ती आपली राहत नाही. इचलकरंजीत २०१२ साली दूषित पाण्यानं काविळीची साथ आली, माणसं गेली. ती साथ प्लास्टिकनं आली नव्हती, सांडपाण्यानं आली होती. पण ज्या नाल्यातून सांडपाणी येतं, त्याच नाल्यातून प्लास्टिक येतं, आणि वरच्या गावानं खालच्या गावाकडं पाठ फिरवायची सवय दोन्हीला सारखीच लागू आहे.

तुम्ही म्हणाल, हा गावचा कचरा आहे, फौंड्रीचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो मी रोज हातानं उचलतो. साच्याच्या वाळूत मिसळायच्या बेंटोनाइट मातीची पोती, कोल डस्टची पोती, रेझिनचे कॅन आणि ड्रम, वाळूच्या जंबो बॅगा हे येताना. जाताना व्हीसीआयची पिशवी, फोम, बबल शीट, स्ट्रेच फिल्म, पट्ट्या. यातलं स्वच्छ असतं ते भंगारवाला घेतो. ड्रम घेतो, चांगली पोती घेतो. तेल लागलेली फिल्म कुणी घेत नाही. फाटलेली, वाळूनं भरलेली पोती कुणी घेत नाही. ती कंपाउंडच्या मागं साठतात, आणि एखाद्या संध्याकाळी तिथून काळा धूर निघतो. कुठल्याही वसाहतीत सूर्य मावळल्यावर फेरी मारली तर हे दिसेल. मी कुणाचं नाव घेत नाही, कारण हे एकाचं काम नाही. आणि जे जळत नाही ते पहिल्या वळवानं ओढ्याला जातं.

राज्यात २३ मार्च २०१८ ला प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली. पहिल्या वेळी पाच हजार, दुसऱ्या वेळी दहा हजार, तिसऱ्या वेळी पंचवीस हजार दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. पुढं केंद्रानं १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या कित्येक वस्तूंवर बंदी घातली, आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवी बंद केली. कायदा कमी नाही. पण त्याची झळ लागते ती भाजीवालीला. तिच्या टोपलीतल्या पिशव्या जप्त होतात, आणि आपल्या गेटमधून महिन्याला जाणाऱ्या प्लास्टिकचं वजन किती, हे आपल्यालाच ठाऊक नसतं. हा अन्याय आहे असं मला वाटतं, आणि तो दूर करायची ताकद तुमच्यात आहे, भाजीवालीत नाही.

आता दुसऱ्या समुद्राकडं येतो.

कंटेनरला सील लावलं की आपलं काम संपलं, अशी आमच्या खात्यात रीत आहे. त्यापुढं जहाज. जगातला ऐंशी टक्क्यांहून जास्त माल वजनानं समुद्रावरून जातो. जहाज हे मालवाहतुकीचं किफायतशीर साधन आहे, टनामागं बघितलं तर ट्रकपेक्षा पुष्कळ कमी धूर करतं, हेही खरं. पण जहाजांची संख्या आणि अंतरं इतकी मोठी आहेत की सगळं मिळून माणसानं सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडमधला सुमारे तीन टक्के वाटा जहाजांचा होतो. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या चौथ्या अभ्यासात २०१८ सालासाठी हा आकडा २.८९ टक्के आहे. बहुतेक मोठी जहाजं आजही तेलशुद्धीकरणाच्या तळाला उरणाऱ्या जड, चिकट तेलावर चालतात. १ जानेवारी २०२० पासून त्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली, त्यानं बंदरांजवळची हवा थोडी सुधारली. कार्बनचा प्रश्न तसाच आहे. जुलै २०२३ मध्ये याच संघटनेत देशांनी ठरवलं की २०५० च्या सुमारास जहाजांचं निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणायचं. त्यासाठी इंधनाचे निकष आणि कार्बनची किंमत ठरवणारी चौकट एप्रिल २०२५ मध्ये मंजुरीच्या टप्प्यापर्यंत आली, आणि ऑक्टोबरमध्ये तिचा अंतिम स्वीकार एक वर्षानं पुढं ढकलला गेला. या संघटनेच्या लंडनच्या सभागृहात ढकललेलं ते वर्ष गगनबावड्याच्या पावसात मोजलं जाणार आहे.

हे मी वाक्य सजवायला लिहिलेलं नाही. आपला पाऊस अरबी समुद्रावरून येतो. तो समुद्र तापत चालला आहे, आणि पश्चिम घाटावर थोड्या तासांत प्रचंड पाऊस कोसळण्याचे प्रसंग वाढलेत, हे हवामान शास्त्रज्ञ सांगत आलेत. २००५, २०१९, २०२१ चे महापूर आठवा. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, दिवसच्या दिवस गाड्या अडकल्या, त्यात आपलेही कंटेनर होते. महापुराला एकच कारण नाही हे मला कळतं. पूररेषेतली बांधकामं आहेत, महामार्गाचा भराव आहे, धरणांतून पाणी कधी सोडायचं याचा वाद आहे. ती भांडणं भांडायलाच हवीत. पण आभाळातून पडणारं पाणीच वाढलं तर त्या सगळ्या उपायांना तोकडं पडावं लागेल.

पूर ओसरल्यावर नदीकाठच्या झाडांवर माणसाच्या दुप्पट उंचीवर प्लास्टिकच्या चिंध्या लटकलेल्या असतात. उसाच्या बुडक्यात फिल्म गुंडाळलेली असते, ती सोडवताना बायांच्या बोटांना चिरा पडतात. दोन समुद्रांची गोष्ट तिथं एका शेतात येते : एकाकडून आलेला पाऊस आणि दुसऱ्याकडं निघालेला कचरा.

जहाजं प्लास्टिक नुसती वाहून नेत नाहीत, सांडतातही. २०२१ मध्ये एक्स-प्रेस पर्ल हे जहाज कोलंबोजवळ जळून बुडालं, आणि त्यातला सुमारे १,६८० टन प्लास्टिक दाणा, म्हणजे वस्तू बनवायचा कच्चा माल, समुद्रात गेला. ते जहाज आपल्या हजिराहून गेलं होतं. मे २०२५ मध्ये कोचीजवळ एमएससी एल्सा ३ बुडालं, सहाशेचाळीस कंटेनरांसह, आणि केरळच्या किनाऱ्यावर मच्छीमारांच्या जाळ्यांत पांढरा दाणा यायला लागला. आपल्याकडं इंजेक्शन मोल्डिंगवाल्यांना जो दाणा पोत्यांतून येतो, तोच. वाळूतून तो वेचता येत नाही. ज्यांनी प्लास्टिकची एक वस्तूही विकत घेतली नव्हती, अशा कोळ्यांचा हंगाम गेला.

आता पैशाचं बोलतो, कारण तुमच्या बैठकीत शेवटी तोच विषय येतो, आणि तो यायलाच हवा. मार्जिन किती पातळ आहे हे मला बिलं बघून माहीत आहे. पण धुराचा खर्च आता बिलात यायला लागलाय. जानेवारी २०२४ पासून युरोपनं जहाजांना आपल्या कार्बन बाजारात, म्हणजे धुरासाठी परवाने विकत घ्यायच्या व्यवस्थेत, ओढलं. युरोपला जाणाऱ्या फेरीचं निम्मं उत्सर्जन त्यात मोजलं जातं. तेव्हापासून भाड्याच्या बिलात उत्सर्जन अधिभाराची एक वेगळी ओळ असते. २०२४ च्या उत्सर्जनाचे चाळीस टक्के धरले होते, २०२५ चे सत्तर, आणि २०२६ पासून पूर्ण शंभर. त्याशिवाय १ जानेवारी २०२६ पासून लोखंड-पोलादाच्या कित्येक वस्तूंवर युरोपची कार्बन सीमा आकारणी, म्हणजे माल बनवताना झालेल्या कार्बनवर आयातीत लागणारा आकार, प्रत्यक्ष लागू झाली. आज आपल्या सगळ्या कास्टिंगना ती लागत नसेल, पण गिऱ्हाईक आत्ताच विचारतं : भट्टी कोकवर चालणारी कुपोला की विजेवरची इंडक्शन? वीज कुठली? एका किलोमागं कार्बन किती? ज्याच्याकडं आकडा आहे तो टिकेल. ज्याच्याकडं नाही, त्याच्या नावावर गिऱ्हाईक स्वतःच मोठा आकडा टाकेल.

तांबड्या समुद्रातला धोका वाढल्यावर २०२३ च्या अखेरीपासून बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली. दहा-बारा दिवस वाढले, इंधन वाढलं. गिऱ्हाईकाची लाइन थांबू नये म्हणून कित्येकदा लोखंड विमानानं पाठवावं लागलं. एक टन माल विमानानं पाठवला की समुद्रापेक्षा कैक पटींनी जास्त उत्सर्जन होतं, आणि त्या ऑर्डरचा नफाही जातो. यातली काही विमानं टाळता येतात. मोल्डिंग, फेटलिंग (कास्टिंगची साफसफाई) आणि मशिनिंगचं नियोजन एक आठवडा आधी पक्कं झालं तर. हे आम्हा खालच्या माणसांना दिसतं, विचारलं तर सांगूही.

उलट बाजूला जहाजाचा वेग दहा टक्क्यांनी कमी केला तर त्या फेरीचं इंधन वीस टक्क्यांच्या आसपास वाचतं. म्हणजे गिऱ्हाईकाला चार दिवस जास्त मुदत मागणं हीसुद्धा पर्यावरणाची कृती आहे. एकट्या कारखान्यानं मागितली तर नाही म्हणतील. कोल्हापूरनं एक होऊन मागितली तर ऐकतील.

तीच गोष्ट रेल्वेची. आपला माल ट्रकनं पुण्याहून, घाट उतरून बंदरावर जातो. रेल्वेनं टनामागं डिझेल आणि धूर दोन्ही वाचतात. कोल्हापूर-मिरज रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली. इतकी जुनी रेल्वे दारात असून फौंड्रीचा माल रस्त्यावर का? उत्तर सगळ्यांना माहीत आहे : एकेकट्याचा माल गाडीभर होत नाही. मग एकत्र करा. चार वसाहतींचा आठवड्याचा माल एकत्र मोजा, रेल्वेला लेखी हमी द्या की इतके कंटेनर आम्ही दर आठवड्याला देऊ, आणि त्या बदल्यात बंदरापर्यंत ठरलेल्या दिवशी सुटणारी गाडी मागा. कोल्हापूर-वैभववाडी मार्ग २०१६-१७ च्या रेल्वे अर्थसंकल्पात आला, त्याला इतकी वर्षं झाली. तो झाला तर कोकणातली बंदरं आपल्या हाताशी येतील. पुढारी प्रत्येक निवडणुकीत त्याचं नाव घेतात. तुम्ही आकडे घेऊन बसलात तर त्यांना नुसतं नाव घेऊन भागणार नाही.

पॅकिंगचं काम तर याहून सोपं आहे. पुणे, चाकणच्या गिऱ्हाईकाला जाणारा माल परत येणाऱ्या लोखंडी बिनमधून पाठवता येतो. काही कारखाने ते करतातच. ट्रक तसाही परत येतो, बिन त्यात घाला. निर्यातीच्या पेटीत फिल्मचे तीन वेढे घालतो तिथं किती पुरतात, याची चाचणी घ्या. पॅकिंगचं स्पेसिफिकेशन गिऱ्हाईकाचं असतं हे खरं, पण ते बदलायला आपण कधी पत्र लिहिलंय का? बेंटोनाइटवाल्याला सांगा, रिकामी पोती परत ने, नाहीतर टँकरनं सुटा माल दे. तेलकट फिल्मसाठी प्रत्येक वसाहतीत एक बंदिस्त शेड पुरेल. तिथं ती गोळा करून सिमेंटच्या भट्ट्यांकडं पाठवता येते, तिथल्या तापमानाला ती इंधन म्हणून जळते. उघड्यावर जाळण्यापेक्षा ते कितीतरी बरं. ही सगळी झंझट उद्यमनगरातल्या दोन लेथवाल्या जॉबवर्करच्या गळ्यात मारू नका, एवढी मात्र विनंती. खर्च आणि पुढाकार थेट निर्यात करणाऱ्यांचा असला पाहिजे. माल त्यांच्या नावावर जातो.

आणि एक काम शहरासाठी. जयंती आणि दुधाळी नाल्यांच्या तोंडाशी तरंगता कचरा अडवणारे मजबूत अडसर, आणि ते रोज रिकामे करणारी माणसं, पगारी, हातमोजे-गमबूट देऊन ठेवलेली. महापालिकेशी करार करून सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी समाजासाठी खर्चायच्या, पैशातून ते जूनच्या आत होऊ शकतं. फॅब्रिकेशन आपल्यालाच येतं, त्यासाठी बाहेरचा ठेकेदार लागू नये. अडसर लावून वरचा कचरा थांबणार नाही, याची मला जाणीव आहे. पण तिथं रोज जे अडकेल त्याचं वजन करून फळ्यावर लिहिलं तर गावाला आपला कचरा पहिल्यांदा किलोत दिसेल.

कोल्हापूरला हे जमणार नाही असं कुणी म्हणू नये. गणपती पंचगंगेत आणि रंकाळ्यात सोडायची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत या गावानं बदलली. मूर्तिदान, निर्माल्यदान आधी मोजक्या कार्यकर्त्यांनी घाटावर उभं राहून, लोकांचं वाईट-साईट ऐकून सुरू केलं. आज तालमी-मंडळांच्या मूर्ती इराणी खणीकडं, म्हणजे पाणी साठलेल्या जुन्या दगडखाणीकडं, जातात. श्रद्धेच्या विषयात पोरं बदलली. टोलच्या आंदोलनात हेच गाव वर्षानुवर्षं रस्त्यावर राहिलं आणि टोल घालवून थांबलं. ६ मे २०२२ ला शाहू महाराजांच्या स्मृतीसाठी सकाळी दहा वाजता शंभर सेकंद सगळं कोल्हापूर जागच्या जागी उभं राहिलं, आपल्या वसाहतींतली यंत्रंसुद्धा थांबली. ठरवलं की या गावाला एकत्र यायला वेळ लागत नाही.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. चारही वसाहतींच्या संघटनांनी पावसाळ्याआधी एक संयुक्त बैठक घ्यावी. तिला मालकांबरोबर डिस्पॅच, स्टोअर आणि खरेदीची माणसं बोलवावीत, कारण आकडे आमच्याकडं असतात. महापालिका, इचलकरंजी आणि शिरोळकडचे लोकही बोलवावेत, कारण पाणी त्यांच्याकडं जातं. प्रत्येक निर्यातदारानं गेल्या वर्षीची तीन टिपणं आणावीत : खरेदी केलेलं पॅकिंग प्लास्टिक किलोत, भंगारात गेलेलं किलोत, आणि पाठवलेल्या कंटेनरांचं उत्सर्जन. शेवटचा आकडा फॉरवर्डरकडं, म्हणजे जहाजाची वाहतूक ठरवून देणाऱ्या एजंटाकडं, मागितला तर मिळतो, शिपिंग लाइनवाले तो काढून देतात. पहिल्या दोन आकड्यांमधला फरक म्हणजे पेटीत बांधून गेलेलं अधिक मागं कुठंतरी उरलेलं. त्या उरलेल्याचा हिशेब आपल्याला द्यायचा आहे.

आमच्या खात्यातला हिशेब मी बांधायला घेतला आहे. खरेदीच्या चलनांवरून तो निघतो, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. बैठकीची तारीख कळवा, मी वही घेऊन येतो.

आपला नम्र,
डिस्पॅच विभागातला एक कर्मचारी
कोल्हापूर